चिलमीपासून व्हेपपर्यंत : तंबाखूची तरतरी आणि आपली साखर

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत बचत गटांच्या बायांसाठी साखर तपासणीचं शिबिर होतं. बोटाला सुई टोचायच्या आधी प्रत्येकीचा एक कागद भरायचा होता. नाव, वय, घरात कुणाला शुगर आहे का, आणि सगळ्यात शेवटी, 'तंबाखू खाता का, विडी-सिगारेट ओढता का?' कागद भरायचं काम आमच्याकडे होतं. जवळजवळ सगळ्या बायांनी 'नाही' सांगितलं आणि आम्हीही 'नाही' लिहीत गेलो. मग रांगेतल्या एक काकू हसत म्हणाल्या, "अवं बाई, मी सकाळ-संध्याकाळ नस लावते. पण ते काय तंबाखू होय? दातासाठी लावते." त्यांच्या मागची बाई लगेच म्हणाली, "मंग मी बी लावते ना!" तिच्या मागे आणखी एक. आम्ही भरलेले कागद पुन्हा काढले आणि कितीतरी 'नाही' खोडून 'हो' केले.

त्या दिवशी घरी जाताना आम्ही आपसात बोलत होतो. कुणाच्या रिपोर्टमध्ये साखर निघाली की आपण काय करतो? चहातली साखर बंद करतो, भात कमी करतो, बटाट्याला हात लावत नाही, संक्रांतीचा लाडू दुसऱ्याला देतो. पण मालकाच्या खिशातली खर्ऱ्याची पन्नी आणि चुलीमागच्या फळीवरची नसची डबी जागच्या जागी असते. आपण मनात एक वाटणी करून ठेवली आहे. गोड खाल्लं की शुगर, तंबाखू खाल्ली की तोंडाचा कॅन्सर. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं आपण धरून चालतो. ही वाटणी चुकीची आहे. ती चुकीची आहे हे डॉक्टरांना खात्रीने सांगता येईपर्यंत तंबाखूला आपल्या देशात येऊन चारशे वर्षं झाली होती. आज तोच इतिहास सांगतो. यातला बराच आपल्या नागपूर-कामठीचा, गोंदिया-भंडाऱ्याचा आहे.

तंबाखू मुळात आपली नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी ती जहाजातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती दख्खनमध्ये पसरली. साधारण १६०४-०५ च्या सुमाराला अकबर बादशहाचा असद बेग नावाचा सरदार विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली. परत जाताना रत्नं जडवलेली एक नळी आणि तंबाखू तो बादशहाला नजराणा म्हणून घेऊन गेला. असद बेगने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने मात्र हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं की ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, कुणी पारखलेली नाही, तेव्हा बादशहाने ती घेऊ नये. त्यावर असद बेगने उत्तर दिलं की फिरंगी लोकांत शहाणी माणसं आहेत, ती काही पारखल्याशिवाय ओढत नसतील.

हा वाद लक्षात ठेवा. 'मोठी, शिकलेली माणसं घेतात म्हणजे वाईट कशी असेल,' हे उत्तर पुढे प्रत्येक वेळी ऐकू येणार आहे. १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. पण तोवर ती शेतात पेरली जाऊ लागली होती, हुक्क्यात आणि चिलमीत भरली जाऊ लागली होती. बंदी कागदावर राहिली. तंबाखूवरच्या बंदीची ही गोष्टही आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्या जंगलात तेंदूचं झाड आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या बायांना उन्हाळ्यातला तेंदूपत्ता कुणी शिकवायला नको. पान पातळ, लवचिक, वाळलं तरी न तुटणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे विडीचा धंदा उभा राहिला. बंगाल-नागपूर रेल्वे आणि पुढे झालेली गोंदिया-जबलपूर छोटी लाईन यांमुळे माल इकडून तिकडे जाऊ लागला. गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी या भागात विडीच्या पेढ्या काढल्या आणि गोंदिया, तुमसर, भंडारा, कामठी ही विडीची गावं झाली.

डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. असहकाराचा ठराव इथेच पक्का झाला. परदेशी मालावर बहिष्कार सुरू झाला आणि त्यात परदेशी सिगारेटही आली. देशी पान, देशी तंबाखू, देशी हात, म्हणून विडी स्वदेशी ठरली. सिगारेट ओढणारे शिकलेले लोकही अभिमानाने विडी ओढू लागले. त्यात कुणाचा खोटेपणा नव्हता. लोकांना खरंच वाटलं की आपण देशाचं काम करतो आहोत. पण शरीराला स्वदेशी-परदेशी कळत नाही. विडीचं पान सच्छिद्र नसतं, ती पटकन विझते, म्हणून पेटती ठेवायला माणूस जोरजोरात झुरके घेतो. त्यामुळे आकाराने लहान असूनही विडीतून निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्त जातं. हे पुढे प्रयोगशाळेत मोजलं गेलं.

विडी ओढत होते मुख्यतः पुरुष. वळत होत्या बाया. घरच्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन, पान कापून, चिमूटभर तंबाखू भरून, दोरा बांधून दिवसाला शेकडो विड्या. संध्याकाळी ठेकेदाराकडे नेल्या की तो मोजायचा आणि त्यातल्या काही 'खराब' म्हणून बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. छाटीचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत.

या अन्यायाविरुद्ध आपल्या कामठीतून आवाज उठला. बाबू हरदास एल. एन. हे नाव आपल्याला 'जय भीम' या अभिवादनामुळे माहीत आहे. १९०४ साली जन्मलेल्या या तरुणाने कामठीत कामगारांसाठी रात्रीच्या शाळा काढल्या, बायांना काम शिकवायला महिला आश्रम काढला, आणि १९३२ मध्ये विडी मजुरांचा संघ उभा केला. ठेकेदाराच्या हातून सुटण्यासाठी त्यांनी सहकारी पद्धतीने विडीचं कामही करून पाहिलं. म्हणजे आपण आज बचत गटात जे करतो त्याची एक जुनी वाट कामठीतून जाते. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते नागपूर-कामठीतून निवडून आले. आणि १२ जानेवारी १९३९ ला, पस्तीस वर्षांचे असताना, क्षयाने गेले. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे.

मजुरीचे कायदे हळूहळू आले. १९३७ मध्ये मध्य प्रांताने विडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांतल्या बाया-मुलांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली. १९४८ मध्ये, नागपूर राजधानी असताना, असा कायदा झाला की शेतीच्या हंगामात ठरवलेल्या गावांत कुणी विडी वळायची नाही, म्हणजे शेताला मजूर मिळतील. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. माणसाचा रोजगारच बंद करणारं हे बंधन अवाजवी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मग १९६६ चा विडी कामगार कायदा आला आणि १९७६ चा कल्याण निधी.

या सगळ्या लढ्यांत मजुरी होती, तास होते, छाट होती. वळणारीच्या आरोग्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. विडी वळणाऱ्या बाया स्वतः एकही झुरका घेत नसल्या तरी तंबाखूच्या धुळीतून आणि हातांच्या कातडीतून निकोटिन त्यांच्या शरीरात जातं. त्यांच्या लघवीच्या तपासणीत ते दिसलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या तंबाखूचा साखरेशी काय संबंध?

आपल्याकडे गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला विचारा, रिक्षावाल्या भाऊला विचारा, रोवणीला जाणाऱ्या बाईला विचारा. सगळे एकच सांगतात. तंबाखू घेतली की भूक मरते, तरतरी येते, काम रेटता येतं. हे खोटं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी सिगारेट ओढल्यावर लोकांचं रक्त तपासलं. सिगारेटनंतर रक्तातली साखर वाढलेली दिसली. तिथल्या एका सिगारेट कंपनीने ते लगेच जाहिरातीत घेतलं, की थकलात तर आमची सिगारेट ओढा, अंगात जोर येईल.

तो जोर येतो कुठून, हे जाहिरातीत नव्हतं. निकोटिन रक्तात गेलं की शरीराला वाटतं, काहीतरी संकट आलं, पळायचं आहे. मग ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संकटाची रसायनं सुटतात. ती यकृताला हुकूम देतात की साठवलेली साखर सोड. साखर रक्तात येते, छाती धडधडते, डोळे उघडतात. ही तरतरी तंबाखूने दिलेली नाही. ती आपलीच साखर आहे, आपल्याच गाठीची. आपण गटात म्हणतो तसं, ही उचल आहे आणि व्याज लागतं.

व्याज कसं लागतं ते सांगतो. रक्तातली साखर पेशींत जायला इन्सुलिन लागतं. इन्सुलिनला आपण दाराची किल्ली समजू. पण निकोटिनमुळे दाराचं कुलूप गंजतं. किल्ली आहे, पण फिरत नाही. यालाच डॉक्टर इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन बनवतं, आणखी बनवतं, आणि वर्षानुवर्षं असं झालं की थकतं. शिवाय तंबाखू घेणारा माणूस अंगाने बारीक दिसला तरी चरबी पोटावर साठते, आणि पोटाची चरबी ते कुलूप आणखी गंजवते.

'आमचे हे तर काडीसारखे आहेत, त्यांना कशी शुगर होईल?' असं आपण म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. हे जन्मलेल्या बाळांतही दिसलं. म्हणजे आपल्या लोकांचं कुलूप आधीच थोडं जड चालतं. त्यावर तंबाखू.

हे ज्ञान एका दिवसात आलं नाही. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, कॅनडातल्या टोरांटोत. म्हणजे नागपुरात असहकाराचा ठराव झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. पण सिगारेट ओढणाऱ्या आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांत इन्सुलिन नीट काम करत नाही, हे स्पष्ट मोजून छापून आलं ते १९९२ मध्ये. २००७ मध्ये पंचवीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ओढणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त दिसला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने ठामपणे सांगितलं की धूम्रपान हे टाईप २ मधुमेहाचं एक कारण आहे, आणि जितकं जास्त ओढाल तितका धोका जास्त.

आणि क्षयाची गोष्ट. बाबू हरदास यांना क्षय कशामुळे झाला, हे आज कुणी सांगू शकणार नाही. त्या काळात क्षयावर औषधच नव्हतं. पण आज आपल्याला एवढं माहीत आहे की मधुमेह असला तर क्षय होण्याचा धोका दोन-तीन पट होतो, आणि विडी-सिगारेट ओढल्यानेही तो साधारण दुप्पट होतो. म्हणून क्षयाच्या रुग्णाची साखर तपासतात आणि त्याला तंबाखूबद्दल विचारतात. विडीच्या गावांनी हे घरोघर सांगायला हवं.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं ओढणाऱ्यांचं झालं. आमच्याकडे तर कुणी ओढत नाही. खरं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारही नव्हते, पण तोंडात ठेवणारे चोवीस होते. बायांत शंभरात सतरा जणी कोणत्या ना कोणत्या प्रकारे तंबाखू घेत होत्या. म्हणून आपल्याकडची खरी गोष्ट तोंडातल्या तंबाखूची आहे.

नस म्हणजे तंबाखूचीच बारीक पूड. गोंदियाकडे, छत्तीसगडच्या सीमेवर, गुडाखू आहे. ती तंबाखू आणि गुळाची काकवी मळून केलेली. पश्चिम महाराष्ट्रात मिश्री, ती भाजलेली तंबाखू. तिन्ही दातांच्या नावाने बायांच्या हातात आल्या. हिरडीची कातडी पातळ असते, तिथून निकोटिन थेट रक्तात जातं. दात दुखत असला की थोडा वेळ बधिर वाटतं, म्हणून औषध वाटतं.

आणि आपला खर्रा. विदर्भाबाहेर त्याला मावा म्हणतात. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटायचं. १९७०-८० च्या दशकांत पानमसाला आणि गुटख्याच्या पुड्या आल्या, टीव्हीवर त्यांच्या जाहिरातीत लग्नघरं आणि मोठी माणसं दिसू लागली. असद बेगचंच उत्तर, फक्त रंगीत. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, आणि २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू, सुपारीही तिच्यात घेतली. पण गुटख्याची पुडी गेली तरी पानठेला होताच. ताजा घोटलेला खर्रा मिळतच राहिला. जहांगीरच्या हुकमाचं जे झालं तेच.

तोंडातल्या तंबाखूने साखर बिघडते का? स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवायची जुनी सवय आहे. तिथल्या पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात, जे फार जास्त प्रमाणात ती वापरत होते त्यांच्यात मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला. धूर नव्हता, तरी वाढला. आणि खर्ऱ्यात तर तंबाखूसोबत सुपारी आहे. आपण सुपारीला निर्दोष समजतो, पूजेत ठेवतो. पण २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणारी ठरवलं. १९९४ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना सुपारी खाऊ घातली तर काहींची साखर बिघडली. तैवानमध्ये सुपारी चघळणाऱ्या पुरुषांत मधुमेह जास्त आढळला. म्हणजे खर्रा साखरेवर दोन बाजूंनी चालून येतो.

आता शेवटचा टप्पा, आपल्या मुलांचा. काही वर्षांपूर्वी नागपुरात हुक्का पार्लर निघाले. फळांचा वास, मंद दिवे, आणि पाण्यातून गाळलेला धूर म्हणून 'काही होत नाही'. पाण्याने धूर गार होतो, निकोटिन त्यात राहतंच. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातल्या आगीत चौदा जण गेले. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली.

मग व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. २००३ मध्ये चीनमधल्या एका औषधतज्ज्ञाने ती बनवली. बॅटरीने द्रव तापतो, त्याची वाफ ओढायची. त्या द्रवात बहुतेक वेळा निकोटिन असतं. दिसायला पेनासारखी, पेनड्राईव्हसारखी. घरात वासही येत नाही, आईला कळत नाही. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ती बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं बंद केलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

व्हेपने साखर बिघडते का, यावरचं ज्ञान अजून कोवळं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. विडी-सिगारेटचा पुरावा साठायला अनेक पिढ्या लागल्या. व्हेपला येऊन वीस-बावीस वर्षंच झाली आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख लोकांच्या सर्वेक्षणावरून असं दिसलं की व्हेप ओढणाऱ्यांत साखरेची सुरुवात, म्हणजे प्रीडायबेटिस, जास्त होती. हे फोनवर विचारलेलं सर्वेक्षण आहे, त्यामुळे व्हेपमुळेच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण निकोटिन तेच आहे, संकटाची खोटी घंटा तीच आहे. नवं आहे म्हणून निर्दोष आहे, हे मानायला कारण नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाचं म्हणणं एवढंच होतं.

मैत्रिणींनो, इतिहास सांगितला तो याचसाठी. चिलीम गेली, विडी आली, ती स्वदेशी म्हणून चांगली. नस आली, दातासाठी चांगली. खर्रा आला, त्यात धूर नाही म्हणून चांगला. हुक्का आला, पाण्यातून गाळलेला म्हणून चांगला. व्हेप आली, वास नाही म्हणून चांगली. प्रत्येक पिढीला कुणीतरी सांगितलं की तुमची वस्तू मागच्या पिढीपेक्षा सौम्य आहे. रक्ताने मात्र यातला फरक केला नाही.

मग आपण काय करायचं? आम्ही गटात जे ठरवलं ते सांगतो.

पहिलं, डॉक्टरांसमोर लपवायचं नाही. नस, गुडाखू, खर्रा, सगळं तंबाखू म्हणूनच सांगायचं. आपल्याला लाज वाटते, हे आम्हाला माहीत आहे. पण तंबाखू लपवली तर साखर का उतरत नाही ते डॉक्टरांना कळत नाही, ते गोळी वाढवतात.

दुसरं, घरात कुणी तंबाखू घेत असेल आणि वय तीसच्या वर असेल तर साखर तपासून घ्यायची. सरकारी आरोग्य केंद्रात ती तपासतात. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच, तर मधुमेह.

तिसरं, सोडायची तर एकट्याने नाही. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होते, झोप येत नाही, भूक वाढते. वजन थोडं वाढू शकतं. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे त्यांची साखर सोडल्यावर काही दिवस वरखाली होते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच सोडायची आणि मधून मधून तपासायची. साखर हलली म्हणून घाबरून पुन्हा सुरू करायची नाही. राष्ट्रीय मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. तिथे बोलणारे लोक सोडायला मदत करतात. जिल्हा रुग्णालयातही तंबाखू सोडण्याचं केंद्र असतं.

चौथं, हिशोब. रोज चाळीस रुपयांचा खर्रा धरला तर वर्षाला १४,६०० रुपये होतात. आपण ज्या रकमेसाठी गटात दोन-दोन बैठका घेऊन कर्ज मंजूर करतो, तेवढी रक्कम एका खिशातून पन्नीत जाते. भांडण करून हे सांगायचं नाही. वही उघडून दाखवायचं.

आणि सोडून फायदा होतो का, असं कुणी विचारलं तर सांगा. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटना यांनी मिळून सांगितलं आहे की धूम्रपान सोडल्याने टाईप २ मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी कमी होतो. एकदा गंजलेलं कुलूप बऱ्याच अंशी पुन्हा चालू लागतं.

विडी वळून संसार चालवणाऱ्या मैत्रिणींना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या हाताला दुसरं काम मिळणं, ते मिळेपर्यंत हात-तोंड धुण्याची आणि धूळ झाकण्याची सोय होणं, त्यांचं विडी कामगाराचं ओळखपत्र निघणं, हे आपल्या सगळ्यांचं काम आहे. कामठीच्या त्या तरुणाने नव्वद वर्षांपूर्वी सुरू केलेलं ते काम अजून पुरं झालेलं नाही.

त्या शिबिरातल्या काकूंची साखर उंबरठ्यावर निघाली. त्यांनी नसची डबी आमच्यासमोर फेकली वगैरे काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "आधी संध्याकाळची बंद करून पाहते." दोन महिन्यांनी भेटल्या तेव्हा संध्याकाळची बंद झाली होती, सकाळची चालू होती. आम्ही त्यांना फोनचा तो नंबर लिहून दिला. पुढच्या शिबिराच्या कागदावर आता 'तंबाखू खाता का?' असा एकच प्रश्न नाही. नस, गुडाखू, खर्रा, विडी, सिगारेट, हुक्का, व्हेप, अशी सात नावं आहेत, आणि प्रत्येकापुढे एक चौकोन आहे. तुमच्या गटातही असा कागद करा. आधी स्वतःचा भरा.